अस्मितेखालची जमीन

अमेरिकेतील शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी विद्यार्थ्यांना वाचनाची यादी देतात. वंशभेदाचा इतिहास कळावा म्हणून अशा याद्यांत जी पुस्तके घेतली जातात, त्यांत मिल्ड्रेड टेलर या काळ्या लेखिकेची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ ही १९७६ ची कादंबरी आहे. तिला १९७७ साली न्यूबेरी पदक मिळाले. २००२ साली मात्र अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांत तिचे नाव होते. सन्मान आणि आक्षेप दोन्ही वाट्याला यावेत, असे या पुस्तकात काय आहे?

मिसिसिपी, १९३३. काळ्यांच्या शाळेत गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली पुस्तके वाटली जातात. आतल्या तक्त्यात पुस्तक कोणत्या वंशाच्या मुलाला, कोणत्या अवस्थेत दिले, याची नोंद आहे. चांगले होते तोवर ते गोऱ्यांकडे. फाटल्यावर काळ्या मुलाकडे, तेही हीनवाचक शब्द लिहून. सहा वर्षांचा लिटल मॅन ते पुस्तक भिरकावून देतो. त्याला छडी मारणारी शिक्षिकाही काळीच आहे. गुलामी अंगवळणी पडली की शोषितच शोषकाचे काम करू लागतो, हे लेखिकेने न लपवता दाखवले आहे. मुलांची आई मेरी लोगन त्याच शाळेत शिकवते. ती तक्त्यावर कागद चिकटवते, वर्गात गुलामगिरीचा खरा इतिहास सांगते आणि नोकरी गमावते.

शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागलेल्या बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्या वाचकाला हा तक्ता समजावून सांगावा लागत नाही. पण एक प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे. लोगन कुटुंब ताठ का उभे राहू शकते? कारण त्यांच्याकडे चारशे एकर जमीन आहे. ती टिकवण्यासाठी बाप लुइझियानात रेल्वेच्या कामावर राबतो. गोऱ्या दुकानदारावरील बहिष्कारातून जमीनदाराच्या दडपणाखाली माघार घ्यावी लागते ती वाटेकरी कुळांना. टी. जे. हा अशाच कुळाचा मुलगा. दोन गोरे भाऊ दुकान लुटतात, दुकानदाराचा जीव जातो आणि खुनाचा आळ याच्यावर येतो. लोगन स्वतःचा कापूस पेटवून जमावाला थोपवतो, टी. जे. मात्र तुरुंगात जातो.

इथेच कादंबरीची मर्यादा आहे. टी. जे. लबाड आणि बढाईखोर रंगवला आहे. त्याच्या घरातले दारिद्र्य आपल्याला लोगनांच्या ओसरीवरून दिसते. भूमिहीनाची कहाणी त्याच्या तोंडून येत नाही.

तरीही हे पुस्तक विद्यार्थ्यांनी वाचलेच पाहिजे. मात्र ‘आपली ओळख’ या गोड शब्दापाशी थांबून नव्हे. शिक्षकाने दोन प्रश्न विचारावेत: जमीन कोणाची होती? आणि मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यायचे हे कोण ठरवत होते? हे प्रश्न वगळले, तर अस्मिता हा केवळ सुट्टीतला एक धडा होऊन राहील.