जलद डावातला राजावरचा हल्ला : एका मोजपट्टीची तपासणी

बुद्धिबळावर मराठीत लिहिले जाते ते मुख्यतः दोन प्रकारचे. एक वर्तमानपत्री वृत्तांत, ज्यात कोण जिंकले, किती गुणांनी जिंकले आणि घरच्यांना काय वाटले एवढे असते. दुसरे शिकवणीचे पुस्तक, ज्यात सोंगट्यांच्या चालींपासून सुरुवात होऊन शेवटी दोन-तीन चालींत मात करण्याची कोडी येतात. डाव हाही एक मजकूर आहे, तो वाचता येतो आणि त्याचे गुणदोष कोणत्या मोजपट्टीने मोजायचे यावर वाद घालता येतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी मनावर घेतलेली नाही. येथे एका प्रश्नापुरते ते करून पाहतो. जलद डावात राजाच्या बाजूवर चढवलेला हल्ला चांगला की वाईट, हे ठरवायचे कशावरून?

प्रश्न मला सुचला तो हिंगोलीत, मुलांचे डाव पाहता पाहता. आमच्यासारख्या जिल्ह्यात मुलाचा पहिला गंभीर डाव जवळजवळ नेहमी जलदच असतो. शालेय स्पर्धा एका दिवसात उरकायची असते, सेनगाव-औंढ्याहून आलेल्या मुलांना संध्याकाळची बस गाठायची असते. चार-चार तासांचे डाव आठवडाभर खेळायचे तर मोठ्या शहरात मुक्काम करावा लागतो, आणि तो सगळ्यांना परवडत नाही. उरलेला खेळ मोबाइलवर, तीन-तीन मिनिटांचा. डाव संपला की तोच मोबाइल प्रत्येक चालीला शेरा देतो. मुलाने राजावर हल्ला चढवून डाव जिंकलेला असतो आणि नेमक्या त्याच चालीपुढे ‘घोडचूक’ असे लाल चिन्ह उमटते. दहा-बारा वर्षांच्या मुलाने विश्वास कशावर ठेवायचा, निकालावर की शेऱ्यावर? काही मुले शेरा ऐकून हल्ला करणेच सोडून देतात. काही निकाल पाहून वाटेल तिथे वजीर फेकू लागतात. दोघांचेही नुकसान होते, आणि दोघांनाही सांगण्यासारखे आपल्या पुस्तकांत काही नाही.

न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगून पुढे जातो. पटाचा जो अर्धा भाग सुरुवातीला राजाकडे असतो, ती राजाची बाजू. सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार किल्लेकोट करून राजा त्याच बाजूच्या कोपऱ्याजवळ जातो, हत्ती त्याच्या आतल्या अंगाला येऊन उभा राहतो आणि पुढे तीन प्याद्यांची भिंत असते. ती भिंत फोडणे म्हणजे राजाच्या बाजूवरचा हल्ला. ‘जलद’ म्हणजे दहा मिनिटांहून अधिक आणि तासाहून कमी वेळाचा डाव. दहा मिनिटे किंवा त्याहून कमी असेल तर ‘अतिजलद’.

आता ही कल्पना आपल्याकडे किती जुनी? देशी बुद्धिबळात किल्लेकोट नव्हता. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. राजाला शह बसण्याआधी एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई आणि त्या उडीने तो जिथे जाईल तिथे. गावोगावी नियमांत थोडाफार फरक असे, पण सांगाडा हाच. त्यामुळे राजाची ठरलेली बाजू आणि तिथली भिंत हे चित्रच त्या खेळाच्या डोक्यात नव्हते. प्यादी सावकाश सरकत, फौजा भिडायला वेळ लागे. मात कोणत्या सोंगटीने केली यालाही मान असे, आणि प्याद्याने केलेली मात मोठ्या कौतुकाची. देशी रसिकतेची ही मोजपट्टी निकालापलीकडे जाणारी होती, हे विसरू नये.

१८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ इंग्रजीत छापला गेला. मूळ संस्कृत, काळ पेशवाईच्या अखेरचा. युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेला हा ग्रंथ मुख्यतः पटावरच्या निवडक बिकट स्थितींचा आहे. म्हणजे अमुक स्थिती दिली आहे, तीतून मात करा. आपल्याकडच्या पुस्तकांना कोड्याचे जे वेड आहे, त्याची परंपरा अशी दोनशे वर्षांहून जुनी निघते. कोड्यात उत्तर असतेच आणि ते शोधायला हवा तेवढा वेळ असतो. खऱ्या डावात, आणि जलद डावात तर विशेषच, या दोन्ही गोष्टी नसतात. उत्तर आहे की नाही हेच आधी ठाऊक नसते.

भाषेचाही थोडा दोष आहे. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसीतून आले आणि मराठीत इतके मुरले की ‘शहाला काटशह’ राजकारणातही चालतो. पण त्यामुळे हल्ला म्हणजे शहांची माळ, अशी समजूत घट्ट झाली. नवखा खेळाडू शह दिसला की देतोच. राजा सुरक्षित घरात सरकतो, शह देणाऱ्याची सोंगटी भलतीकडे जाऊन पडते आणि हल्ला विझतो.

उदाहरण घेतो ते एका जुन्या आणि खूप वापरल्या गेलेल्या हल्ल्याचे. सतराव्या शतकातल्या ग्रेको या इटालियन खेळाडूच्या हस्तलिखितांत तो सापडतो आणि जगभर ‘ग्रीक भेट’ या नावाने ओळखला जातो. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला आहे. पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, प्यादे ई५ वर. वजीर आणि दुसरा उंट अजून मूळ घरी. काळ्याचा एफ६ वरचा घोडा हुसकला गेला आहे. पांढरा उंट एच७ वरचे प्यादे मारून शह देतो, राजा त्याला मारतो, घोडा जी५ वर येऊन पुन्हा शह देतो. राजा जी८ वर परतला की वजीर एच५ वर येतो, आणि ही या हल्ल्यातली सर्वांत जोरदार चाल शह नाही. ती फक्त एच७ वरच्या मातेची धमकी आहे. दोन शहांनंतर आलेली ही शांत चाल ज्याला दिसत नाही, त्याने उंट फुकट घालवला असे समजावे.

पण राजा जी८ वर परतेलच असे नाही. एच६ वर आला तर घोडा हलताच सी१ वरच्या उंटाचा शह उघडतो आणि बहुधा काळ्याचा वजीर पडतो. जी६ वर आला तर काम अवघड. तिथे पांढऱ्याने वजीर जी४ वर आणायचा की एच-प्यादे दोन घरे पुढे ढकलायचे, हे बाकीच्या सोंगट्या पाहून ठरते, आणि पुष्कळदा हल्ला इथेच फसतो. काळ्याचा उंट ई७ वर असेल तर तो जी५ वरचा घोडाच मारतो. अशा वेळी पांढऱ्याचे एच-प्यादे आधीच एच४ वर पोचलेले असावे, म्हणजे त्याच प्याद्याने परत मारताना हत्तीची रांग उघडते.

आता घड्याळ मध्ये आणू. तीन मिनिटांचे १८० सेकंद. डाव छत्तीस चालींचा झाला तर एका चालीला पाच सेकंद. ज्याला ही भेट पाठ आहे तो उंट, घोडा, वजीर या तीन चाली मिळून दहा सेकंदांत खेळतो. समोरच्याला मात्र जी८, एच६, जी६ ही तिन्ही घरे मोजावी लागतात, आणि त्यात त्याचे चाळीस सेकंद सहज जातात. पटावर कदाचित बरोबरी असेल, घड्याळावर नसते. उलट, पांढऱ्यानेच उंट मारण्याआधी चाळीस सेकंद विचार केला तर त्याने हल्ल्याचे निम्मे बळ स्वतःच्या हाताने खर्च केले. म्हणून जलद डावातला हल्ला पटावर शोधायचा नसतो, घरून आणायचा असतो. पटावर पाहायचे ते एवढेच: एफ६ चा पहारेकरी गेला आहे का, मध्यभाग बंद आहे का (तो उघडा असेल तर काळा तिथूनच उलटतो), राजाजवळ आपल्या सोंगट्या त्याच्या रक्षकांपेक्षा जास्त आहेत का, आणि आपल्या घड्याळात त्याच्याहून कमी वेळ तर उरला नाही ना. यातली शेवटची अट मी पाहिलेल्या शिकवणीच्या पुस्तकांत सापडत नाही.

पुस्तके त्याऐवजी जे दाखवतात, त्याचा नमुना म्हणजे १९१२ साली लंडनमध्ये एडवर्ड लास्कर आणि जॉर्ज थॉमस यांच्यात झालेला स्पर्धेबाहेरचा मैत्रीचा डाव. (हेच थॉमस बॅडमिंटनचेही मोठे खेळाडू, थॉमस चषक त्यांच्याच नावाचा.) अकराव्या चालीला लास्करने एच७ वर वजिराचे बलिदान दिले. तिथून काळ्या राजाला अख्खा पट ओलांडून पांढऱ्याच्या घरातल्या जी१ पर्यंत ओढत आणले, आणि अठराव्या चालीला स्वतःचा राजा डी२ वर सरकवून हत्तीच्या उघड्या शहाने मात केली. मोठ्या बाजूला किल्लेकोट करूनही मात झालीच असती. डाव अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण अकराव्यापासून अठराव्यापर्यंत प्रत्येक चाल शह आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने हाच त्याचा दोष. हल्ला असा क्वचितच चालतो. सर्वांत जास्त छापला गेलेला हल्ला सर्वांत कमी प्रातिनिधिक निघावा, याचा दोष लास्करचा नाही, संपादकांचा आहे.

याच डावावर संगणकी टीकेची मोजपट्टी लावून पाहावी. चौदाव्या चालीला एच-प्याद्याऐवजी एफ-प्यादे दोन घरे सारले असते, तर मात एक चाल आधी, सतराव्या चालीला, झाली असती. हे खरे आहे. पण याने लास्करच्या खेळात उणे काय झाले? मात तर टळली नाही. शेवटपर्यंत जाणारा एक रस्ता ज्याला स्पष्ट दिसला, त्याने दुसरा आखूड रस्ता शोधत थांबायचे की चालू लागायचे? लांब डावाचा समीक्षक थांबायला सांगेल. जलद डावाच्या समीक्षकाने थांबण्याची किंमतही मोजली पाहिजे. संगणकाचा शेरा ती मोजत नाही, कारण बचावाची एकमेव बरोबर चाल तो क्षणात शोधतो आणि समोरच्या माणसालाही ती क्षणात सापडेल असे गृहीत धरतो. त्या चालीच्या आसपास पाच चुकीच्या चाली मोहकपणे उभ्या आहेत, हे त्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

याचा अर्थ खोटा हल्लाही चालतो, असा कोणी घेईल. तसे मी म्हणत नाही. ज्या हल्ल्याचे उत्तर नवख्यालाही दोन सेकंदांत सुचते, तो जलद डावातही वाईटच. तीन प्याद्यांमागे शांत बसलेल्या राजावर एकट्या वजिराने धाव घेणे हा त्याचा नेहमीचा प्रकार. भेद करायचा तो सापडण्याजोग्या आणि न सापडण्याजोग्या उत्तरांत.

हा भेद स्पष्ट करणारे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. १८४८ मध्ये कोलकात्यात जॉन कॉक्रन यांनी मोहेशचंद्र बंदोपाध्याय यांच्याविरुद्ध चौथ्याच चालीला घोडा एफ७ वर टाकला. मोबदल्यात दोन प्यादी आणि किल्लेकोटाचा हक्क गमावलेला उघडा राजा. ही खेळी आजही कॉक्रनच्या नावाने ओळखली जाते. काटेकोर हिशेबात ती संशयास्पद मानतात. तरीही १९९९ मध्ये लिनारेसला टोपालोवने ती चक्क क्रामनिकविरुद्ध वापरली आणि डाव बरोबरीत सुटला. लांब वेळेच्या डावात, अशा प्रतिस्पर्ध्यासमोर जी तगली, ती तीन मिनिटांच्या डावात काय करील याची कल्पना करावी. मोहेशचंद्रांबद्दल माझा एक तर्क आहे, तर्क म्हणूनच मांडतो. ते देशी नियमांत वाढलेले. त्या खेळात राजा मध्यभागी उभा असणे ही आपत्ती नव्हे, रोजचा प्रकार. तेव्हा किल्लेकोट हिरावून घेण्यातला जो मानसिक धक्का युरोपीय खेळाडूला बसला असता, तो त्यांना कमी बसला असावा. हल्ल्याची ताकद समोरच्याच्या सवयींवरही ठरते.

या सगळ्यापुढे मराठी वाचकांच्या मनात ताजा असलेला विजय ठेवतो. जुलै २०२५ मध्ये बातुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीतले लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला निकाल जलद डावांवर गेला. समोर कोनेरू हम्पी, २०१९ आणि २०२४ ची जलद विश्वविजेती. दिव्याने दीड विरुद्ध अर्ध्या गुणाने बाजी मारली आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. आपल्याकडच्या बहुतेक लेखनात तिच्या ‘आक्रमकते’चे गोडवे गायले गेले. निर्णायक डाव पुन्हा मांडून पाहिला तर राजावरच्या झंझावाती हल्ल्याने तो संपलेला नाही. तो लांबला, घड्याळे उतरत गेली आणि दडपणाखाली चुका झाल्या. दिव्याने काळ्या सोंगट्या घेऊन समोरच्याला दर चालीला नवा प्रश्न सोडवायला लावला. याला आक्रमकता म्हणायचे असेल तर जरूर म्हणावे, पण मग त्या शब्दाचा अर्थ बदलला आहे हेही लिहावे लागेल. ‘वाघिणीची झेप’ वगैरे मथळ्यांनी तो कळत नाही.

आता मराठीत डावांची पुस्तके निघतील, ती निघावीत. माझी मागणी छोटी आहे. विद्युत पटामुळे मोठ्या स्पर्धांत प्रत्येक चालीला लागलेला वेळ नोंदला जातो. मोबाइलवरच्या डावांतही तो असतो. चालीशेजारी तो छापावा. बलिदानाला तीन सेकंद लागले की सव्वा मिनिट, आणि त्याचे उत्तर शोधायला समोरच्याने किती वेळ घेतला, हे दिसले की जलद डावातला हल्ला खरोखर वाचता येईल. स्पर्धेत घड्याळ आले तेच १८८३ मध्ये, लंडनला. त्यामुळे १८४८ च्या कोलकात्यात एफ७ वरचा घोडा उचलण्याआधी मोहेशचंद्र किती वेळ पटाकडे पाहत बसले होते, ते आपल्याला वाचता येत नाही.