‘अंगावरून वारे जाणे’ : एका वाक्प्रचाराची चिकित्सा

चांगला हिंडताफिरता मनुष्य एकाएकी एका बाजूने लुळा पडला, की बीड जिल्ह्यातील चकलांब्यासारख्या गावी ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. हा वाक्प्रचार केवळ गेवराई तालुक्यापुरता नाही; तो महाराष्ट्रभर चालतो, आणि शिष्ट मराठीतील ‘अर्धांगवायू’ हा शब्द त्याचाच भाऊबंद होय. असे रूढ प्रयोग निव्वळ अलंकार नसतात. रोग कोठे झाला व कशाने झाला, याविषयीचे एक मत त्यांत गृहीत धरलेले असते. म्हणून त्या मताची परीक्षा करणे अगत्याचे ठरते.

प्रथम या प्रयोगाचे गुण पाहू जाता, त्यात दोन निरीक्षणे अचूक आहेत. एक आकस्मिकतेचे, दुसरे ‘अर्ध्या’ अंगाचे. मेंदूच्या पृष्ठभागावरील एका विशिष्ट पट्ट्यातून हालचालीच्या प्रेरणा निघतात, हे फ्रिच व हिट्झिग यांनी १८७० साली कुत्र्यावरील प्रयोगांनी दाखविले. तेथून निघालेले बहुसंख्य तंतू लंबमज्जेत बाजू बदलून मेरुरज्जूत उतरतात. त्यामुळे डाव्या मेंदूतील रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली, तर उजवा हात व उजवा पाय निकामी होतो. लोकभाषेने हे ‘अर्धे’पण नेमके टिपले, त्याचे कारण मात्र तिच्या हाती लागले नाही.

दोष आहे तो स्थानाचा. वारे बाहेरून येते आणि अंगावरून जाते. म्हणजे या कल्पनेत बिघाड हातापायात झालेला असतो. वस्तुतः अर्धांगवायूच्या रोग्याचा स्नायू शाबूत असतो, त्या स्नायूत शिरणारी नसही शाबूत असते; तुटलेली असते ती वरून येणारी आज्ञा. मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशी हा स्नायूकडे जाणाऱ्या सर्व प्रेरणांचा अखेरचा समाईक मार्ग होय, असे शेरिंग्टन याने १९०६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. या मार्गाच्या वर इजा झाली, तर आरंभीचा लुळेपणा सरून पुढे अवयव ताठ होतो, प्रतिक्षिप्त क्रिया वाढतात, आणि तळपाय खरवडला असता अंगठा वर उचलला जातो. हे शेवटचे लक्षण बाबिन्स्कीने १८९६ मध्ये वर्णिले. उलट, तो अखेरचा मार्गच नष्ट झाला, तर अवयव लुळाच राहतो, स्नायू झिजतात व प्रतिक्षिप्त क्रिया मावळतात.

हा भेद मराठी शब्दांनी पार पुसून टाकला आहे. पोलिओला ‘बालपक्षाघात’ म्हणतात. पण त्यात मेरुरज्जूतील पेशी मरतात, आणि ‘पक्षाघाता’त बहुधा मेंदूतील मार्ग तुटतो. म्हणजे मूळ शब्द एक आणि विकृती परस्परविरुद्ध. तोंड वाकडे झाले की दोन्ही प्रसंगी ‘लकवा’च म्हणतात, परंतु चेहऱ्याची नस बिघडली तर त्या बाजूचे कपाळही हलत नाही, आणि बिघाड मेंदूत असेल तर कपाळ बहुधा वाचते. धनुर्वातात विषामुळे स्नायूंना आवरणाऱ्या प्रेरणा थांबतात. कंपवातात मेंदूच्या खोल भागातील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात. या दोहोंत प्रेरणेची वाट तुटलेली नसते, तिचे नियमन बिघडलेले असते. तरी ‘वात’ एकच!

येथे एक आक्षेप संभवतो. आयुर्वेदातील वात म्हणजे बाहेरची हवा नव्हे. चरकाने त्याला सर्व चेष्टांचा प्रवर्तक मानले आहे. हा आक्षेप योग्य आहे. शास्त्रकारांचा वायू देहातील चालक होता. लोकभाषेने त्याला देहाबाहेरचा आगंतुक केले. शिवाय प्राचीन परिभाषा सर्वत्र ढोबळ नव्हती. सुश्रुताच्या ‘कलायखंज’ या नावात कलाय हे कडधान्य व खंजत्व हे लक्षण एकत्र आले आहेत. विदर्भात परिचित असलेल्या लाखोळी डाळीच्या अतिसेवनाने पाय ताठरतात, त्या विकाराशी अभ्यासक त्याची सांगड घालतात. नावातच कारण सुचविणारी ही दृष्टी पुढील मराठीने जोपासली नाही.

हा वाद केवळ शब्दांचा असता, तर तो कोशकारांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु वारे अंगावरून गेले असे मानणारा घरचा माणूस अंगालाच तेल चोळतो, शेक देतो व वारे उतरण्याची वाट पाहतो. रक्तवाहिनी तुंबलेल्या रोग्यास गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही मेंदूत रक्तस्राव नाही याची यंत्राने खात्री करून घेतल्यावर. चकलांब्याहून तसे यंत्र असलेले रुग्णालय गाठण्यात यातील बराच वेळ जातो. उरलेला वेळ शब्दाच्या भ्रमात जाऊ नये.

लोकांच्या तोंडचा वाक्प्रचार हुकमाने बदलत नाही, आणि तो बदलण्याचे कारणही नाही. ‘अर्धांग’ हा त्यातील निरीक्षणाचा भाग सुखेनैव राहावा. परंतु पाठ्यपुस्तकांनी व आरोग्यपत्रकांनी त्या शब्दाशेजारी ‘मेंदूचा झटका’ हे स्थानदर्शक नाव प्रत्येक वेळी द्यावे. रोग हातात दिसतो, पण तो डोक्यात घडतो, इतके जरी त्या नावाने घरोघर कळले, तरी परिभाषेने आपले काम केले असे म्हणता येईल.