तीन तारांचं इमान

भोसरी एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपांत जुन्या फॅनक कंट्रोलची सीएनसी मशिनं अजून वाहनांचे सुटे भाग काढतात. नवा प्रोग्रॅम कंट्रोलच्या कीबोर्डवर एकेक अक्षर दाबत भरण्याऐवजी पीसीवरून सिरियल केबलनं आत सोडला जातो. या केबलमागचं आरएस-२३२ हे प्रमाण १९६० सालचं. त्याची रचना जवळून पाहावी अशीच आहे.

मशिनवरचं सॉकेट पंचवीस पिनांचं, पण बोलणं चालतं तीन तारांवर: पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड. मशिनच्या बाजूला ४ आणि ५ या पिना आपसांत जोडतात. ४ वरून मशिन विचारतं, ‘पाठवू का?’ आणि तोच प्रश्न ५ वर होकार होऊन परत येतो. ६, ८ आणि २० एकत्र केल्या की ‘समोर कुणी आहे का?’ हेही मिटतं.

पीसीच्या नऊ पिनी टोकाकडून २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७ जोडतात. तारा सरळ दिसतात, पण नऊ पिनांत २ ऐकते आणि पंचवीस पिनांत २ बोलते. तारांची अदलाबदल क्रमांकांतच झालेली असते.

मला सर्वांत भावते ती गप्प तार. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ०. काहीच पाठवायचं नसलं तरी पाठवणारी तार उणे दाबावर उभी असते. त्यामुळे ड्रॉइंग हरवलं तरी मल्टिमीटर लावून बोलणारी पिन सापडते.

वेगाचं भान तितकंच सुंदर. ४८०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट अशी सेटिंग असली, तर स्टार्ट बिट धरून एका अक्षराला ११ बिट लागतात. सेकंदाला सुमारे ४३६ अक्षरं जातात. मशिनची मेमरी भरत आली की ते डीसी३ हा कोड पाठवून पीसीला थांबवतं, जागा झाली की डीसी१ पाठवून पुढे बोलावतं. म्हणूनच डायचा लांबलचक प्रोग्रॅम लहान मेमरीतूनही पार पडतो: शेवटच्या ओळी पीसीतच असतात आणि कटर पहिल्या ओळी कापत असतो.

जिचा प्रत्येक दोष मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गननं शोधून दुरुस्त करता येतो, ती रचना श्रेष्ठच. तुमच्या शॉपमध्ये अशी केबल असेल तर तिच्या पिनांचा नकाशा आणि सेटिंग कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा, आणि दोन्हीकडची वीज बंद केल्याशिवाय ती जोडू नका.