‘परवानगी’ या संज्ञेची मर्यादा

भ्रमणध्वनीविषयक मराठी लेखनात ‘परवानगी’ हा शब्द दोन भिन्न व्यापारांसाठी योजिला जातो. एक, वापरणाऱ्याने अ‍ॅपला दिलेली संमती. दुसरा, फाइल कोणी वाचावी वा बदलावी याविषयी प्रणालीच्या गाभ्याने केलेला निवाडा. पहिला व्यापार मनुष्याचा, दुसरा यंत्राचा. संज्ञा एकच असल्यामुळे, संमती नाकारली म्हणजे प्रवेशही रोखला गेला, असा भ्रम उत्पन्न होतो.

२०१६ च्या ऑक्टोबरात उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष या भ्रमाचे निदर्शक उदाहरण होय. अँड्रॉइड ज्या लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे, त्यात तो २००७ पासून होता. केवळ वाचनास मोकळी असलेली फाइल स्मृतीत घेऊन तीत लिहू पाहिल्यास गाभा खासगी प्रत काढून देतो. परंतु प्रत काढणे आणि लिहिणे यांमधील नेमक्या क्षणी ती प्रत टाकून देवविली, तर लेखन मूळ पानावर उमटते. निर्बंधाची नोंद जशीच्या तशी राहते. मजकूर मात्र बदलतो. या दोषाचा लाभ घेणारी ‘झ्निऊ’ ही अपायकारक आज्ञावली २०१७ मध्ये आढळली, तेव्हा तिचे बहुसंख्य बळी चीन व भारत येथील होते. त्यांच्या संमतीचा प्रश्नच तेथे उद्भवला नव्हता.

अष्टमहासिद्धीचे स्थान असलेल्या अचलपुरात महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे सकळ लिपीचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे. त्या पंथाने निर्बंध दारावर न ठेवता अक्षरांतच ठेवला. पोथी हाती आली तरी अर्थ हाती येत नसे. मात्र सकळ लिपीतील पोथ्यांची किल्ली एकच होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती शोधली आणि आद्य मराठी गद्याचे भांडार खुले झाले. तेथील भेद वाङ्मयास उपकारक ठरला. येथील भेद सामान्य माणसाच्या खासगीपणावर घाला घालतो.

म्हणून मनुष्याच्या कृतीस ‘संमती’ व यंत्राच्या निवाड्यास ‘प्रवेशाधिकार’ म्हणणे इष्ट होय. शब्द बदलल्याने दोष दुरुस्त होत नाही. त्यासाठी गाभाच सुधारावा लागतो. जुन्या भ्रमणध्वनींपर्यंत ती सुधारणा पुष्कळदा पोहोचत नाही. परंतु काय नाकारता येते आणि काय येत नाही, हे वापरणाऱ्यास निदान भाषेने तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.