पुण्याची हग्गादा आणि आमची लेखणी

आपल्या समाजाच्या अंकांत आणि स्मरणिकांत आठवणींचे लेख पुष्कळ येतात, आणि आम्ही ते सगळे वाचतो. हेतू सर्वांचा चांगला. पण आयुष्यभर मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासलेल्या माणसाची नजर सहजासहजी बदलत नाही. लेखाचा आरंभ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाने होतो; सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचतात; मग शनिवार तेली येतात, मग एलियाहू हन्नाबीचा मलिदा येतो, आणि शेवटी ‘त्या काळची माणसे फार प्रेमळ होती’ या वाक्यावर लेखणी खाली ठेवली जाते. वरचे नाव झाकले तर लेख कोणी लिहिला, लेखक पेणचा की पनवेलचा, हे ओळखता येणार नाही. प्रेमळ माणसे प्रत्येक गावात होती. पण पेणच्या घरातली चूल कोणत्या भिंतीला होती, हे फक्त पेणचाच माणूस सांगू शकतो, आणि तेच कोणी सांगत नाही.

यावर उपाय आम्हांला सापडला तो अगदी अनपेक्षित जागी, नातवंडांनी हाती दिलेल्या टॅब्लेटवर. मोठमोठ्या ग्रंथालयांनी आपली जुनी पुस्तके पानापानाने इंटरनेटवर ठेवली आहेत. पूर्वी जी पाहण्यासाठी चिठ्ठ्या, परवानग्या आणि पांढरे हातमोजे लागत, ती आता चहा पिता पिता पाहता येतात. त्यांतच आम्ही पुण्याची हग्गादा पाहिली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मराठी भाषांतरासह आपली हग्गादा प्रथम मुंबईत १८४६ साली निघाली. त्यानंतर १८७४ साली मोशे याकोब तळकर आणि आहरोन दानिएल तळकर यांनी पुण्यात दुसरी काढली. ती छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. मिसरातून सुटकेची कथा छापायला अग्निहोत्र्यांचा छापखाना, ही गोष्ट इथल्या शेजाऱ्यांना सांगितली की त्यांना नवल वाटते. आपल्याला वाटत नाही. या पुणेरी हग्गादेत चित्रे आहेत. पेसाहची बिनखमिराची भाकर तयार करण्याचे काम एका पानावर दाखवले आहे, आणि ते करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या, जमिनीवर बसलेल्या, आपल्याच घरातल्या आहेत.

या चित्राची किंमत कळायला त्याच्या शेजारी दुसरी चित्रे ठेवून पाहावी लागतात, आणि ही सोय पूर्वी फक्त पंडितांना होती. व्हेनिसमध्ये १६०९ साली छापलेली सचित्र हग्गादा आता कोणालाही पाहता येते. तिच्यात सेदेरचा क्रम लहान लहान चौकटींत काढला आहे, आणि तो साचा पुढे गावोगावच्या छापखान्यांनी उचलला. १६९५ सालची आम्स्टरडॅमची हग्गादा तर याहून गंमतीची. तिची ताम्रपटावरची चित्रे काढणारा आब्राहाम बार याकोब हा ख्रिस्ती धर्म सोडून यहुदी झालेला माणूस. त्याने आपली चित्रे बहुतेक मातेउस मेरिआन नावाच्या ख्रिस्ती चित्रकाराच्या पुस्तकांतून घेतली. चार मुलांपैकी जो शहाणा मुलगा, त्याच्यासाठी त्याने मेरिआनच्या चित्रातला हानिबाल घेतला! रोमशी लढणारा कार्थेजचा सेनापती आमच्या सेदेरच्या मेजावर शहाणा मुलगा होऊन बसला, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी हरकत घेतली नाही.

म्हणजे उसनवारी करणे ही काही लाजेची गोष्ट नव्हे. प्रश्न एवढाच की उसने आणलेल्या चौकटीत तुम्ही कोणाला बसवता. पुण्याच्या चित्रकाराने कल्पना युरोपातली घेतली. भाकर मळण्या-भाजण्याचे चित्र हग्गादेत घालावे, हे त्याला आपोआप सुचले नसणार. पण चित्र काढताना त्याने परक्या बायका आणल्या नाहीत. समोर दिसत होत्या त्या काढल्या. रेषा फार सफाईदार आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्स्टरडॅमच्या ताम्रपटापुढे हे काम साधेच दिसते. तरीही दोन्ही शेजारी ठेवली असता आमचा डोळा पुण्याच्या पानावर थांबतो, आणि हे केवळ आपलेपणामुळे होते असे आम्हांला वाटत नाही. आब्राहाम बार याकोबने चित्रावरून चित्र काढले. पुण्याच्या माणसाने निदान एका पानापुरते माणसांवरून काढले.

हे पान आम्ही आमच्या एका नातीला दाखवले. ती इथेच जन्मलेली, देवनागरी वाचता येत नाही, पण चित्रकलेची आवड आहे. तिने बराच वेळ पाहिले आणि हिब्रूत विचारले, “या जमिनीवर का बसल्या आहेत? गरीब होत्या का?”

प्रश्न भाबडा नाही. ज्या मुलीने आजी-आईला संगमरवरी ओट्यापाशी उभे राहूनच स्वयंपाक करताना पाहिले, तिला जमीन म्हणजे केर आणि ओटा म्हणजे स्वच्छता. तिला उत्तर देताना आम्हांला ते चित्र प्रथमच नीट पाहावे लागले. जमिनीवर बसून लाटताना खांद्यांचा भार वरून लाटण्यावर पडतो, हात थकत नाहीत. उभ्याने लाटताना सगळे काम मनगटाला करावे लागते. शिवाय मात्साच्या कणकेला वेळेचे बंधन. पाणी पडल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकर भाजून झाली पाहिजे, नाहीतर खमीर चढले. एकटी बाई मळून, लाटून, भाजून हे साधू शकत नाही. एकीने मळायचे, दुसरीने लाटायचे, तिसरीने भाजायचे, आणि हातातून हातात देता यावे म्हणून सगळ्यांनी एका पातळीवर, जवळजवळ बसायचे. मुलीला जिथे गरिबी दिसली तिथे घाई होती. मिसरातून निघतानाची जी घाई हग्गादेत शब्दांनी सांगितली आहे, तीच त्या पानावर बायकांच्या बसण्यात आहे. चित्रकाराने हे जाणून केले की नकळत, ते सांगता येत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

आम्हांला जे सुचले ते या प्रश्नातून सुचले. चित्र पडद्यावर जगातला कोणीही पाहील. त्याखालची मराठी वाचू शकणारे, आणि चित्रातल्या बाईच्या गुडघ्याला काय वाटत असेल हे स्वतःच्या गुडघ्यावरून सांगू शकणारे, असे दोन्ही गुण असलेली माणसे आता किती उरली? अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बीरशेबा इथल्या आपल्या घरांत जी मंडळी ऐंशीच्या आसपास आहेत, तीच. (आमचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, ती गोष्ट निराळी. आठवण ठेवायला त्यांची हरकत नाही.)

तेव्हा आमचे टीकेचे म्हणणे असे की आपले आठवणींचे लेखन फसते ते आठवण कमी पडते म्हणून नव्हे. डोळ्यापुढे वस्तू नसते म्हणून ते फसते. ‘माझे बालपण’ असा विषय दिला की माणूस ऐकीव वाक्यांकडे वळतो. त्याच माणसापुढे दीडशे वर्षांपूर्वीचे एक पान ठेवा, दोन बोटांनी ते मोठे करा, आणि विचारा की ही बाई काय करते आहे, तुमच्या घरी हे कसे होत असे. मग जे शब्द येतात ते नवगावच्या जहाजात बसून आलेले नसतात. परात येते, चाळलेल्या पिठाचा कोंडा येतो, सणासाठी वेगळी काढून ठेवलेली भांडी येतात, ‘पाणी मोजून घाल गं’ असे ओरडणारी एखादी थोरली जाऊ येते. इंटरनेटने आम्हांला माहिती पुष्कळ दिली आणि त्यातली बरीचशी विसरलोही. ज्याच्याकडे बोट दाखवून बोलता येईल असे काहीतरी समोर आले, हा त्याचा खरा उपयोग.

जुन्या चित्रांतून नवे कसे करता येते याचे एक उदाहरण आपल्याच समाजात आहे. सियोना बेंजामिन या मुंबईत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या चित्रकार. त्यांची चित्रेही आम्ही पडद्यावरच पाहिली. भारतीय लघुचित्रांची पद्धत घेऊन त्यांनी आपल्या शास्त्रातल्या स्त्रिया रंगवल्या, आणि त्यांना कांती दिली निळी. काही चित्रांत खुणा आणि प्रतीके इतकी दाटली आहेत की चित्र पाहण्याऐवजी कोडे सोडवावे लागते, असे आमचे स्पष्ट मत. पण त्या निळ्या बायका एकदा पाहिल्यावर विसरता येत नाहीत, आणि त्या दुसऱ्या कोणत्याही समाजातून येऊ शकल्या नसत्या. आपल्या लेखांबद्दल एवढे म्हणता आले तरी पुरे.

दोन तक्रारीही नोंदवून ठेवतो. पहिली अशी की फोनवर एकमेकांना पाठवली जाणारी जुनी चित्रे कुठली, कधीची, कोणाची, हे कोणी लिहीत नाही. ‘भारतातील यहुदी’ एवढ्या नावाखाली कोचीनचे, बगदाद्यांचे आणि आपले सगळे एका टोपलीत पडते. पुण्याच्या पानाखाली साल आणि प्रकाशकांची नावे आहेत म्हणून त्यावर एवढे बोलता आले. नाहीतर तेही ‘जुन्या काळच्या साड्या’ म्हणून पुढे सरकले असते. या बाबतीत कोचीनकरांकडून शिकावे. त्यांच्या बायकांनी वह्यांत उतरवून ठेवलेली मल्याळम गाणी अभ्यासकांनी त्यांच्याकडूनच समजून घेतली, हिब्रूत आणली, आणि २००४ साली जेरुसलेमहून त्यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. गाणाऱ्या हयात होत्या तोवर विचारले गेले, म्हणून ते साधले.

दुसरी तक्रार पडद्याविषयीच. त्यावर सगळे एकाच मापाचे होते. व्हेनिसची हग्गादा आणि पुण्याची हग्गादा एकाच चौकटीत मावतात. हातात घेतली तर कोणती जड, कोणाचा कागद जाड, कोणत्या पानावर द्राक्षरसाचे डाग पडून कागद कडक झाला आहे, हे पडदा सांगत नाही. ज्यांच्या घरी आजोबांची हग्गादा अजून असेल त्यांनी ती कपाटातून काढावी. डाग पुसू नयेत.

चित्र जिथे अपुरे पडते अशीही एक जागा आहे. हग्गादा छापून येण्याच्या कितीतरी आधीपासून आपली माणसे हा सण पाळत होती, आणि त्याला म्हणत ‘अनशी ढाकाचा सण’. आंबट पदार्थाचे भांडे सणाचे दिवस झाकून ठेवायचे, एवढी खूण त्या नावात उरली. हायम समुएल केहिमकर यांच्या इतिहासात या नावाचा उल्लेख आहे. ते पुस्तक त्यांनी १८९७ साली लिहून पुरे केले आणि ते छापले गेले १९३७ साली, तेल अवीवला. पण त्या भांड्याचे चित्र आम्हांला कुठल्याही संग्रहात, कुठल्याही पडद्यावर मिळालेले नाही. भांडे मातीचे की चिनी मातीचे? झाकण कापडाचे, पानाचे की थाळीचे? आत नेमके काय असे, आणि ते झाकण्याचे काम घरातले कोण करी?

अलिबाग, मुरूड, रोहे, पेण, पनवेल, कुठल्याही बाजूच्या वाचकाने हे भांडे प्रत्यक्ष पाहिले असेल, किंवा आजीकडून त्याच्याविषयी ऐकले असेल, तर पाच ओळी लिहून संपादकांकडे पाठवाव्यात. हाताने काढलेले वेडेवाकडे चित्र सोबत असले तर उत्तम. जहाजापासून सुरुवात करण्याची गरज नाही.