रस्टमध्ये मॅट्रिक्स: एनडीअरे, एनअल्जेब्रा की फेअर?

नम्पायमधला कोड मोठ्या डेटावर रेंगाळायला लागला की लॅबमधलं कोणीतरी सुचवतंच, "रस्टमध्ये लिही ना." चांगला सल्ला आहे. पण मग लायब्ररी कुठली घ्यायची? यावरच्या बहुतेक तुलना वेगाचे आलेख दाखवून थांबतात. संशोधन करणाऱ्याने आधी वेगळा प्रश्न विचारावा असं मला वाटतं: चूक झाली, तर ती मला कधी कळेल?

एनडीअरे नम्पायवाल्यांना घरचीच वाटेल. हव्या तितक्या मितींचे अरे, स्लायसिंग, ब्रॉडकास्टिंग, सगळं आहे. अरेला मिती किती, हे टाइपमध्ये असतं. पण प्रत्येक मितीची लांबी नसते. त्यामुळे ३×४ च्या मॅट्रिक्सला ३×३ ने गुणायला सांगितलंत तर कंपायलर गप्प बसतो आणि प्रोग्राम चालताना पॅनिक होतो. रात्रभर चाललेला जॉब पहाटे असा पडला तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

एनअल्जेब्रात लांबीसुद्धा टाइपमध्ये टाकता येते. तीच चूक इथे कंपाइलच होत नाही. रोबोटिक्स, ग्राफिक्स, कालमन फिल्टर, म्हणजे जिथे मॅट्रिक्स लहान आणि आकार आधीच ठरलेला, तिथे हिला तोड नाही. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. टाइपचे एरर मेसेज लांबलचक येतात, आणि दोनपेक्षा जास्त मिती मिळत नाहीत. शिवाय आकार डेटा वाचल्यावरच ठरणार असेल तर डीमॅट्रिक्स वापरावी लागते, आणि मग हा फायदाही गेला.

फेअर तुलनेने नवी. मध्यम ते मोठ्या मॅट्रिक्सचं एलयू, क्यूआर, एसव्हीडी वगैरे करणं हा तिचा खरा प्रांत. सगळं रस्टमध्येच लिहिलेलं आहे आणि अनेक कोअर वापरता येतात. एपीआय मात्र बराच बदलत आला आहे, त्यामुळे जुनी उदाहरणं जशीच्या तशी चालतील असं धरून चालू नका.

आता खरी अडचण. १ ते ६ हे आकडे एका व्हेक्टरमध्ये घ्या आणि २×३ ची मॅट्रिक्स बनवा. एनडीअरे ते ओळीने भरते: पहिली ओळ १, २, ३. एनअल्जेब्राची 'फ्रॉम व्हेक' स्तंभाने भरते: पहिली ओळ १, ३, ५. दोन्ही कोड कंपाइल होतात, चालतात, उत्तरही देतात. गुणाकाराच्या चिन्हाचंही तसंच. एनडीअरेमध्ये त्याचा अर्थ घटकागणिक गुणाकार, एनअल्जेब्रा आणि फेअरमध्ये मॅट्रिक्सचा गुणाकार. चौरस मॅट्रिक्स असतील तर आकारही जुळतो, म्हणजे कुणालाच संशय येत नाही. रस्टचा कंपायलर मेमरीच्या चुका पकडतो, गणिताच्या नाही. म्हणून लायब्ररी बदलताना छोट्या, असममित उदाहरणावर हाताने काढलेलं उत्तर ताडून बघा. कोव्हेरिअन्स मॅट्रिक्सवर चाचणी घेऊ नका; ती सममित असते, ओळ-स्तंभाची अदलाबदल तिच्यात दिसतच नाही.

बिल्डचाही विचार करा. एसव्हीडी, आयगेनव्हॅल्यू वगैरे मूळ एनडीअरेमध्ये नाहीत. त्यासाठी एनडीअरे-लिनअल्ग लागते, आणि तिला ओपनब्लास, नेटलिब किंवा इंटेल एमकेएल यांपैकी काहीतरी हवं. तुमच्या लॅपटॉपवर ते जमेल. विद्यापीठाच्या क्लस्टरवर, जिथे तुम्हाला अ‍ॅडमिनचे हक्क नाहीत, तिथे दोन दिवस जाऊ शकतात. बाकी दोघींत हे प्रकार रस्टमध्येच लिहिलेले आहेत.

आणखी एक. तिघींचीही १.० आवृत्ती आलेली नाही. अशा वेळी ०.१५ वरून ०.१६ वर जाणं हा कार्गोच्या नियमाने मोडतोड करू शकणारा बदल धरला जातो. थीसिसच्या कोडसोबत कार्गो.लॉक फाइल जपून ठेवा, नाहीतर तीन वर्षांनी परीक्षकाने विचारलेला आलेख पुन्हा काढता येणार नाही.

माझं मत: टेन्सरसारखा डेटा असेल किंवा पायथॉनशी देवाणघेवाण असेल तर एनडीअरे, आकार ठरलेला असेल तर एनअल्जेब्रा, मोठ्या मॅट्रिक्सची विघटनं हेच मुख्य काम असेल तर फेअर. वेग त्यानंतर मोजा, आणि मोजताना 'रिलीज' मोडमध्येच मोजा. डीबग मोडमधल्या आकड्यांवरून लायब्ररी निवडणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडीचं अ‍ॅव्हरेज काढणं.