हमीपत्रातले सैल शब्द

मंडळी, वाशिम असो, रिसोड असो की कारंजा, कॉलेजात प्रवेश घेताना रॅगिंगविरोधी हमीपत्र भरावंच लागतं. पोरगं सही करतं, पालकही करतात. वाचतं कोण? आज आपण त्यामागचा राज्याचा १९९९ चा कायदा वाचू.

शारीरिक इजा, धमकी, मानसिक त्रास यांना त्यात बंदी आहे. हे हवंच. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या, तेव्हा याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कायदाच नको, असं आम्ही म्हणत नाही. पण त्याच व्याख्येत विद्यार्थ्याला लाज वाटेल, अवघडल्यासारखं होईल असं वागणंही बसतं. चिडवणं आणि थट्टा तर शब्दशः घातली आहे. वऱ्हाडात थट्टेशिवाय ओळख होते का हो?

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरला की पाच वर्षं कुठंच प्रवेश नाही. खरी मेख पुढंच आहे. लेखी तक्रार आली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं की निलंबन करून पोलिसांना कळवायचं. टाळाटाळ केली तर गुन्ह्याला साथ दिली असं धरून तेच अडकतात. आता सांगा, काठावरच्या प्रकरणात कोणता प्राचार्य पोराची बाजू घेईल? आणि दाद मागायची तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जायचं. शेतमजुराच्या घरून ते कसं जमणार?

सैल शब्दांचं काय होतं, ते पालघरला दिसलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं फक्त ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. तेव्हा वापरलेलं ‘६६ अ’ हे कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. ‘त्रास’, ‘गैरसोय’ या शब्दांना हद्दच नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण. मग ‘अवघडलेपणा’ला कुठली हद्द आहे?

गंमत म्हणजे त्याच १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे शाळेतल्या लैंगिक छळाचं प्रकरण आलं होतं. शाळेला जबाबदार धरायचं तर छळ गंभीर हवा, सर्वत्र भिनलेला हवा, कुणाही समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटेल असा हवा आणि त्यानं शिक्षणाची वाट अडलेली हवी, असं तिथं ठरलं. ती कसोटी जरा कडकच आहे, तक्रारदारावर फार ओझं टाकते. पण ‘शिक्षणाची वाट अडली का’ हा प्रश्न आमच्या कायद्यात यायला हवा होता, आणि ‘थट्टा’ हा शब्द जायला हवा होता.